शंका-समाधान : बुडालेल्या बोटी, गोडे पाणी आणि रायगडचा किनारा

मागच्या अंकातल्या खांदेरीवरच्या लेखानंतर पत्रांचा चांगलाच ओघ आला. बहुतेकांचा रोख एकाच गोष्टीकडे आहे : आपल्या किनाऱ्यावर एवढी जहाजे बुडाली, मग ती पाहायला का मिळत नाहीत? प्रत्येकाला वेगळे उत्तर लिहिणे शक्य नाही. ज्यांत इतरांच्याही शंका सामावल्या आहेत अशी काही पत्रे इथे घेतली आहेत.

माझी मुलगी अमेरिकेत मिशिगन राज्यात असते. तिथल्या सरोवरात ती स्कूबा डायव्हिंग करते. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी बुडालेल्या लाकडी जहाजांचे फोटो तिने पाठवले, त्यात डोलकाठीसुद्धा जागच्या जागी आहे. आपल्याकडे असे एकही जहाज का नाही? (पनवेल)

ताई, ते जहाज तुमच्या मुलीला धडधाकट दिसले याला तीन गोष्टी कारण आहेत : गोडे पाणी, थंडी आणि टेरेडोची गैरहजेरी.

टेरेडो हा शिंपल्यांच्या कुळातला मऊ, लांबट प्राणी. पिल्लू असताना तो टाचणीच्या टोकाएवढ्या भोकातून लाकडात शिरतो आणि मग आतल्या आत, नसांच्या दिशेने, बोटाएवढे जाड बोगदे पाडत जातो. बाहेरून फळी शाबूत दिसते, अंगठा दाबला की अंगठा आत जातो. किनाऱ्यावर होड्या वर ओढून बूड खरवडायचे, तापवायचे, राळ-तेल चोपडायचे, ही सगळी मेहनत पिढ्यान् पिढ्या चालत आली ती मुख्यतः याच्याविरुद्ध. टेरेडोला खारे पाणी लागते, आणि पाणी उबदार असेल तर त्याची वाढ झपाट्याने होते. आपला समुद्र वर्षभर उबदार. त्यामुळे जे लाकूड गाळात गाडले गेले तेवढेच टिकते. उघडे राहिलेले थोड्याच वर्षांत संपते.

उत्तर अमेरिकेच्या मोठ्या सरोवरांत मीठ नाही, म्हणून टेरेडो नाही. खोलवर पाण्याचे तापमान ४ अंशांच्या आसपास असते, त्यामुळे लाकूड कुजवणारे जिवाणूही फार मंद काम करतात. 'राऊज सिमन्स' नावाचे तीन डोलकाठ्यांचे शिडाचे जहाज नाताळची झाडे घेऊन शिकागोकडे निघाले होते. नोव्हेंबर १९१२ मध्ये ते मिशिगन सरोवरात वादळात बुडाले. १९७१ मध्ये ते सापडले, तेव्हा त्याच्या पोटात ती झाडे अजून रचलेली होती. बाल्टिक समुद्राचेही तसेच. त्यात नद्यांचे इतके पाणी येते की टेरेडोला पुरेसा खारेपणाच मिळत नाही. म्हणून १६२८ मध्ये पहिल्याच फेरीत बुडालेली स्वीडनची 'वासा' ही युद्धनौका १९६१ मध्ये जवळजवळ अखंड वर काढता आली.

पण गोड्या पाण्यातली जहाजे कायमची सुरक्षित आहेत असे मुलीला वाटत असेल, तर तिला एक सांगा. १९८० च्या दशकात परदेशी जहाजांच्या टाक्यांतल्या पाण्याबरोबर झेब्रा आणि क्वागा जातीचे शिंपले त्या सरोवरांत शिरले. ते पाणी गाळून स्वच्छ करतात, त्यामुळे डायव्हरला पूर्वीपेक्षा लांबचे दिसते. मात्र तेच शिंपले जहाजांवर थरावर थर चढवतात, लाकूड त्या भाराने मोडते आणि खिळे गंजतात. आज दिसते त्याची मोजमापे आणि फोटो आत्ताच घेऊन ठेवणे हे तिथल्या हौशी डायव्हरांचे मोठे काम झाले आहे. तिनेही त्यात उतरावे.

मग आपल्याकडे काय उरते? दगड, तोफा, नांगर, विटा, चिनी मातीची भांडी. गोव्याच्या किनाऱ्यावर सुंची रीफ येथे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या पुरातत्त्वज्ञांनी सतराव्या शतकातल्या एका पोर्तुगीज जहाजाचे अवशेष अभ्यासले. जहाजाचे लाकूड जवळपास नाहीसे झालेले. पण तोफा होत्या, घडीव दगड होते, चिनी भांड्यांचे तुकडे होते, हस्तिदंत आणि पाणघोड्याचे दातही होते. एवढ्यावरून जहाज कुठल्या व्यापारातले ते कळते. रायगडच्या किनाऱ्यावर आणखी एक सोय आहे. आपला तळ काळ्या बेसाल्टचा. त्यावर कुठे ग्रॅनाइटच्या किंवा दुसऱ्या परक्या दगडांची रास हाताला लागली, तर ती समुद्राने तिथे आणलेली नसते. जहाजाचे बूड जड राहावे म्हणून तळाशी भरलेले ते दगड असण्याचा संभव मोठा. लाकूड गेले, खलाशी गेले, तरी जहाज जिथे बसले ती जागा ते दगड धरून राहतात.

२०१६ मध्ये सावित्रीवरचा पूल पडला तेव्हा नौदलाचे पाणबुडे आले, तटरक्षक दल आले, एनडीआरएफ आले. नदी ती केवढी! तरीही दोन एसटी बस सापडायला इतके दिवस का लागले? समुद्रात पाणबुड्या जहाज शोधतो, मग गोड्या पाण्यात बस का सापडू नये? (महाड)

सर, तुमच्या पत्रात थोडा राग आहे आणि तो मी समजू शकतो. तुमच्या गावाने ते दिवस नदीकाठी उभे राहून काढले. पण त्या पाण्यात उतरलेल्यांच्या बाजूने मला सविस्तर लिहिले पाहिजे, कारण 'गोडे पाणी म्हणजे सोपे पाणी' हा समज पार चुकीचा आहे आणि अशा समजापायी दरवर्षी हौशी पोहणारे जीव गमावतात.

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री ब्रिटिशकालीन दगडी पूल कोसळला. महाबळेश्वरच्या बाजूचा सगळा पाऊस त्या पात्रात उतरत होता. पाण्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. वेग दुप्पट झाला की माणसाच्या अंगावरचा दाब चौपट होतो, तिप्पट झाला की नऊपट. पंख बांधलेला तयारीचा पाणबुड्या सेकंदाला अर्धा मीटर या वेगाने थोडा वेळ पोहू शकतो. पुराचे पाणी त्याच्या कितीतरी पट वेगाने धावते. अशा पाण्यात तो पोहत नाही. वरून बोटीला किंवा काठाला बांधलेल्या दोराला धरून, तळाशी चिकटून, इंच इंच सरकतो. तोंडातले रेग्युलेटर किंवा डोळ्यांवरचा मुखवटा प्रवाहाच्या झोताने उडून जाऊ शकतो.

दिसण्याचा तर प्रश्नच नव्हता. तांबड्या मातीच्या पाण्यात काचेला हात लावला तरी हात दिसत नाही. म्हणजे शोध घ्यायचा तो तळव्यांनी. पाण्याखाली झाडांचे ओंडके होते, पडलेल्या पुलाचे दगड होते, आणि सावित्रीत मगरी आहेत हे महाडकरांना मी सांगायला नको. शिवाय भरतीचे पाणी खाडीतून वर महाडपर्यंत चढते. पूर एकीकडून आणि भरती दुसरीकडून, अशी दोन पाणी भिडतात तेव्हा तळाशी भोवरे होतात आणि पडलेली वस्तू एका जागी राहत नाही. काही मृतदेह हरिहरेश्वर आणि आंजर्ल्याच्या किनाऱ्यापर्यंत गेले, त्यावरून ओढीची कल्पना यावी.

त्या वेळी क्रेनला बांधून ३०० किलोंचे चुंबक पाण्यात सोडले. पुष्कळांना तो खटाटोप वाटला, पण ते अतिशय योग्य होते. पुलाचे दगड चुंबकाला धरत नाहीत, बसचे पोलाद धरते. डोळे निकामी झाल्यावर दगड आणि लोखंड यांत फरक करणारे दुसरे काहीतरी लागतेच. तरीही पहिल्या बसचा सांगाडा हाती लागायला आठवडा उलटला, आणि दुसरी त्यानंतर मिळाली. वाहते पाणी वस्तूच्या बाजूची वाळू खणते, वस्तू त्या खड्ड्यात बसते आणि पाणी तिच्यावर गाळ ओढते. नदीत बुडालेली नाव असो की बस, ती अशीच नाहीशी होते. समुद्रातल्या जहाजाला ज्या गाळाखाली जायला कित्येक वर्षे लागतात, त्याखाली नदीतली वस्तू एका पुरात जाते.

माझे आजोबा 'रामदास' बोटीवर होते. ते परत आले नाहीत. आजीने शेवटपर्यंत समुद्राकडे पाठ करून जेवण केले नाही. आता स्कूबा शिकलेली नातवंडे विचारतात की त्या बोटीपर्यंत जाता येईल का. आपण काय सांगाल? (थळ)

काका, तुमचे पत्र पुन्हा पुन्हा वाचले. आधी तांत्रिक उत्तर देतो, कारण मुलांनी विचारले ते सरळ विचारले आहे.

१७ जुलै १९४७, गटारी अमावस्येचा दिवस. स्वातंत्र्याला महिनाही उरला नव्हता. 'रामदास' भाऊच्या धक्क्यावरून सकाळी रेवसला निघाली आणि काश्याच्या खडकाच्या परिसरात उलटली. सहाशेहून अधिक माणसे गेली. बोटीवर बिनतारी यंत्रणा नव्हती, त्यामुळे मुंबईला बातमी कळायलाच कित्येक तास गेले. जे वाचले त्यांतले बरेचसे रेवस बाजूच्या कोळ्यांनी आपल्या होड्यांत ओढून घेतले. अमावस्येचे उधाण, भर पावसाळ्यातली लाट आणि माणसांनी खच्चून भरलेली बोट. लाटेने बोट एका कुशीवर गेली की घाबरलेली माणसे एकाच बाजूला धावतात. मग बोटीचा तोल सावरणारा भार तोल घालवणारा होतो. त्याआधी वीस वर्षे, ११ नोव्हेंबर १९२७ ला, 'जयंती' आणि 'तुकाराम' या दोन बोटी एकाच दिवशी वादळात गेल्या होत्या. किनाऱ्याच्या आठवणीत या तिन्ही नावांची सांगड आहे.

आता प्रश्न त्या जागेपर्यंत जाण्याचा. उबदार खाऱ्या पाण्यात लोखंडी पत्रा ढोबळ मानाने वर्षाला एक दशांश मिलिमीटर गंजतो. जवळपास ऐंशी वर्षांत तो जवळपास ८ मिलिमीटर जातो. अशा छोट्या आगबोटींचा पत्रा मुळात सेंटिमीटरभराचाच. त्यात उथळ जागा, म्हणजे दर पावसाळ्याची लाट तळापर्यंत पोचणार. मुलांनी चित्रपटात पाहिलेले उभे जहाज, खिडक्या, जिने, असे काही तिथे मनात धरू नये. शिवाय तो भाग मुंबई आणि न्हावा-शेवा बंदरांत येणाऱ्या जहाजांच्या वाटेजवळचा. परवानगीशिवाय तिथे पाण्यात उतरणे बेकायदा तर आहेच, पण वरून जाणाऱ्या जहाजाच्या पंख्याला खाली माणूस आहे हे कळत नाही.

आणि आता माझे मत. परवानगी मिळाली, पाणी काचेसारखे झाले, तरी मी तिथे हौसेने उतरणार नाही. तिथे माणसे आहेत. उत्तर अमेरिकेच्या सुपिरियर सरोवरात १० नोव्हेंबर १९७५ ला 'एडमंड फिट्झगेराल्ड' हे मोठे मालवाहू जहाज २९ माणसांसह बुडाले. ५३० फूट खोल, बर्फगार गोड्या पाण्यात ते आजही पडून आहे. कुटुंबीयांच्या इच्छेने १९९५ मध्ये त्याची घंटा तेवढी वर आणली आणि तिच्या जागी २९ नावे कोरलेली दुसरी घंटा खाली ठेवली. पुढे तिथल्या प्रांत सरकारने त्या जागेपाशी परवान्याशिवाय उतरायलाच बंदी केली. एवढे काळजीपूर्वक वागणे आपल्यालाही जमले पाहिजे.

नातवंडांना तुमच्या आजोबांपर्यंत पोचायचे असेल तर त्यांना तुमच्यासमोर बसवा. आजोबा त्या दिवशी मुंबईहून कशासाठी निघाले, बरोबर कोण होते, घरी निरोप कोणी आणला, रेवसच्या किनाऱ्यावर ओळख पटवायला कोण गेले, हे तुम्ही आईवडिलांकडून ऐकलेले त्यांना लिहून घेऊ द्या. थळ, रेवस, मांडवा, अलिबाग, प्रत्येक गावात अशी दोन-चार घरे आहेत आणि सांगणारी माणसे आता सत्तरी-ऐंशीत आहेत. 'रामदास'चा जो भाग अजून वाचवता येण्याजोगा आहे तो या घरांत आहे.

मुळशी किंवा कोयनेच्या जलाशयात बुडालेली गावे आहेत. तिथे डायव्हिंग करता येईल का? (पेण)

पाटबंधारे खात्याच्या किंवा धरणमालकाच्या लेखी परवानगीशिवाय मुळीच नाही. सर्वांत मोठा धोका दरवाजे आणि बोगद्याच्या तोंडाशी. तिथे पाणी खेचले जाते, वरून काही दिसत नाही, आणि एकदा हात किंवा पाय त्या ओढीत अडकला की दहा माणसांनीही सुटत नाही. दुसरे म्हणजे ही जलाशये समुद्रसपाटीपासून ६०० मीटरच्या आसपास आहेत. वर हवेचा दाब कमी, म्हणून समुद्रासाठी बनवलेली खोली-वेळेची कोष्टके तिथे जशीच्या तशी वापरता येत नाहीत. ३०० मीटरच्या वर गेले की उंचीचा हिशोब धरावाच लागतो, नाही तर सांध्यांत नायट्रोजनचे बुडबुडे धरतात. बुडालेली झाडे आणि तारा हा आणखी वेगळा विषय.

आमचे जाळे एकाच जागी वारंवार अडकते. मागच्या खेपेला जाळ्याबरोबर लोखंडाचा गोळा वर आला, नारळाएवढा. घरी आणून ठेवला आहे. तोफेचा आहे म्हणतात. विकत घ्यायला माणूसही येऊन गेला. काय करावे? (रेवदंडा)

तांडेल, पहिले काम म्हणजे हे वाचून होताच तो गोळा घरातून बाहेर, मुलाबाळांपासून लांब, सावलीत न्या. सगळे तोफगोळे भरीव नसतात. काही पोकळ असतात आणि त्यांत दारू भरलेली असते. हातोडा लावायचा नाही, गरम करायचे नाही, भोक दिसले तर त्यात काही घालायचे नाही. पोलीस ठाण्यात कळवा. त्यांचे बॉम्बशोधक पथक पाहून जाईल.

गोळा भरीव निघाला, तर तो पाण्यात बुडवून ठेवायचा. हे ऐकायला विचित्र वाटेल. समुद्रात दोन-तीनशे वर्षे पडलेल्या ओतीव लोखंडातले लोह हळूहळू निघून जाते आणि मागे काळ्या शिसपेन्सिलीच्या गाभ्यासारखा पदार्थ उरतो. आकार तसाच राहतो, वजन मात्र अंदाजापेक्षा हलके लागते, आणि सुरीने ओढले तर ओरखडा उठतो. तुम्ही तो उचललात तेव्हा हाताला तसे जाणवले असणार. त्या छिद्राछिद्रांत मीठ भरलेले असते. गोळा वाळला की मिठाचे खडे धरतात, हवा आत शिरते, आणि तो फुगून पापुद्र्या-पापुद्र्यांनी सुटतो. काही गोळे वाळताना हाताला लागण्याइतके गरमही झालेले आहेत. म्हणून प्लास्टिकच्या पिंपात गोडे पाणी, त्यात धुण्याचा सोडा, आणि वर झाकण. कालवे चिकटलेली असतील तर ती खरवडू नका.

विकण्याचे म्हणाल, तर शंभर वर्षांपूर्वीची अशी वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात येते, आणि बुडालेल्या जहाजातून जे मिळेल ते 'रिसिव्हर ऑफ रेक' या सरकारी अधिकाऱ्याला कळवावे लागते. तुमच्यासाठी सोपी वाट म्हणजे बंदर निरीक्षकाच्या कार्यालयात लेखी कळवून पोच घ्या. तो विकत घेणारा माणूस पुन्हा आला तर पाण्याचा पेलासुद्धा न देता परत पाठवा. तो गोळ्यासाठी आलेला नाही, जागेसाठी आला आहे. जागा कळली की पुढच्या भांगाला त्याची माणसे तिथे पाण्यात उतरतील.

कारण गोळ्यापेक्षा ती जागाच मोलाची. चौल-रेवदंड्यासमोरून पोर्तुगीज, मोगल, सिद्दी, आंग्रे, इंग्रज सगळ्यांची गलबते गेली. १६७९ मध्ये थोरल्या महाराजांनी खांदेरीवर किल्ला बांधायला घेतला, तेव्हा इंग्रजांनी आरमार आणून बेटाची कोंडी केली. १८ ऑक्टोबरला मराठी गलबतांनी त्यांच्यावर हल्ला चढवून 'डव्ह' हे जहाज पकडले. २०२५ मध्ये खांदेरी जागतिक वारशाच्या यादीत गेली, पण त्या लढायांचा निम्मा पुरावा पाण्याखाली आहे, आणि त्याचा नकाशा तुमच्यासारख्या तांडेलांच्या डोक्यात आहे. कुठे जाळे फाटते, कुठे डोलीचा खुंट बसत नाही, कुठे खडक नसताना खडकातली मासळी मिळते, हे कुठल्याही संस्थेपेक्षा तुम्हाला जास्त माहीत असते.

तर एक वही करा. जाळे अडकले की जीपीएसवरचे आकडे, किती वाव पाणी, भरती की ओहोटी, तिथी, जाळ्याला काय लागून आले (गंज, लाकडाचा तुकडा, खापर, परका दगड) एवढे टिपा. गंज असेल तर जाळ्याच्या धाग्याला तांबडा डाग पडतो आणि तो धुतला तरी जात नाही. तो भाग कापून वहीत लावून ठेवा.

तपासणी कशी होते तेही सांगतो, म्हणजे वही का लागते ते कळेल. पाताळगंगा, अंबा, कुंडलिका यांचा गाळ आपल्या समुद्रात सतत येतो. त्यात उधाणाच्या दिवसांत पाणी साडेचार मीटरच्या आसपास चढते-उतरते आणि तळ ढवळून काढते. म्हणून आम्ही अष्टमी-नवमीचा भांग पकडतो, तोही शक्यतो डिसेंबर ते फेब्रुवारीतला. भरती संपून ओहोटी लागण्यापूर्वी पाणी थांबते, तेवढ्या थोड्या वेळात काम. जीपीएसच्या जागी वजन सोडायचे, वजनाला दोरी, दोरी ताणून धरून पाणबुड्याने तळाशी फेरा घ्यायचा, मग दोरी हातभर वाढवून पुढचा फेरा. दिसते ते हातभर लांब, बऱ्याचदा तेवढेही नाही. हात फिरत असतो. कालवांचा खडबडीत थर सगळीकडे सारखाच लागतो. त्याखाली टेंगळे लागतात. एक टेंगूळ, चार बोटांवर दुसरे, पुन्हा चार बोटांवर तिसरे, सरळ रेषेत. खडकाला अशी रांग नसते. ती रिव्हेटची डोकी असतात, आणि हात आगबोटीच्या पत्र्यावर असतो. लाकडी गलबताच्या जागी अशी रांग मिळणार नाही. तिथे दगडांची रास, नांगराची दांडी, एखादी तोफ. तुमचे आकडे शंभर हातांनी चुकले तर भांगाचा अख्खा दिवस फुकट जातो.

मला हे शिकायचे आहे. वय २२, पोहता चांगले येते. कुठून सुरुवात करू? (उरण)

तारकर्लीला राज्य पर्यटन महामंडळाची स्कूबा प्रशिक्षण संस्था आहे. तिथे खोल तलावात आधी सराव करून घेतात आणि मग समुद्रात नेतात. सिंधुदुर्गचे पाणी आपल्यापेक्षा स्वच्छ असते, शिकायला तेच बरे. प्रमाणपत्र मिळाल्यावर लगेच बुडालेल्या बोटीकडे धावू नका. आधी किमान एक हंगाम डोळे झाकल्यासारख्या पाण्यात दोरी धरून हिंडायचा सराव करा. बोटीच्या आत शिरण्याचे शिक्षण वेगळे असते, ते घेतल्याशिवाय दारातून डोकेसुद्धा आत घालायचे नाही. जुन्या जाळ्यात अडकलो तर कापायला कात्री जवळ हवी, आणि ती दोन्ही हातांना पोचेल अशी छातीवर हवी.

पाण्याखाली राहण्यासाठी कमरेच्या पट्ट्यात जे शिसे बांधतात, त्याच्या वजनाचा हिशोब सोपा आहे. समुद्राचे पाणी गोड्या पाण्यापेक्षा अडीच टक्क्यांनी जड. तुम्ही आणि तुमचा सरंजाम मिळून १०० किलो भरत असाल, तर समुद्रात बरोबर बसणाऱ्या पट्ट्यातले सुमारे अडीच किलो शिसे तलावात उतरताना काढावे लागेल. तलावात शिकून समुद्रात जाताना तेवढेच वाढवायचे. आकडा कागदावर काढलात तरी पहिल्या बुडीआधी छातीभर पाण्यात उभे राहून तपासा : फुफ्फुसे निम्मी भरलेली असताना पाण्याची रेघ डोळ्यांशी यायला हवी.